जायफळाच्या बेटावरची विहीण

नलू,

आज तुला एकेरीत हाक मारते आहे. बेंगळुरात, येलहंक्याच्या माझ्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून. तू असतीस तर माझी ही हिंमत झाली नसती, आणि झाली असती तर तुझ्या भुवया कपाळात कुठेतरी जाऊन बसल्या असत्या. इथे तू विहीणबाई. मुलाची आई, मानाची. अगंतुगं फक्त बेटावर, असं आपलं ठरलेलं होतं. पण तूच निघून गेल्यावर तो करार एकटीनं पाळून काय करू? मोडला. रागावलीस तर रागाव.

रागवायला तुला आणखीही कारण आहे. मुलांनी एक काम माझ्या गळ्यात मारलंय. डिसेंबरची ग्रेनाडाची तिकिटं काढलेली आहेत, तूच मागे लागून काढायला लावलेली, सगळ्यांची, माझीही, माझ्या गुडघ्यांना न विचारता. आता निखिल म्हणतो, आईशिवाय तिथे पाय ठेवणं जमायचं नाही, रद्द करू. मेधा म्हणते, आईंनीच ठरवलेलं होतं, तर जाऊया. तुझा मुलगा आणि माझी मुलगी त्या विषयावर एकमेकांशी बोलत नाहीत, दोघंही वेगवेगळे माझ्याशी बोलतात. शेवटी परवा निखिलनं सांगून टाकलं, "अम्मा, तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल तसं करू." तो आपल्या गेलेल्या बापाच्या वळणावर आहे असं तू नेहमी म्हणायचीस. पण अवघड काम गोड बोलून दुसऱ्यावर ढकलायची कला त्यानं कोणाकडून उचलली, ते मला पक्कं माहीत आहे.

रविवारी जेवायला येणार आहेत. तेव्हा हो की नाही ते सांगायचंय. आज शुक्रवार, आणि मला काहीच सुचत नाहीये, म्हणून तुझ्याशी भांडायला बसले.

तसं आपलं भांडण पहिल्या भेटीपासूनच सुरू झालं होतं. मुलं इथल्याच मेडिकल कॉलेजात एकत्र शिकलेली, ठरवाठरवी त्यांनीच केलेली, मोठ्यांना उरलं होतं ते फक्त एकमेकांच्या घरचं खाणं. तू पुण्याहून आलीस, खुर्चीच्या टोकावर बसलीस, उप्पीट चमच्याच्या टोकावर घेतलंस आणि विचारलंस, "आडनाव राव. म्हणजे तुम्ही मराठीच ना?" आमच्या ह्यांना ठसका लागला. मी म्हटलं, "आम्ही मराठी लष्कराबरोबर इथे आलो तेव्हा तुमच्या पुण्यात पेशवेसुद्धा यायचे होते." मग मेधानं मला "अम्मा" म्हणून हाक मारली आणि मी "स्वल्प थांब गं" म्हटलं, तेव्हा तू निखिलकडे असं पाहिलंस की जणू तो परदेशातली मुलगी करून आणतोय. पुढे कितीतरी वर्षं तू मला सांगत राहिलीस की स्वल्प हे बोलायचं मराठी नव्हे. मग स्वल्पविराम तुमच्या पुण्यात कुठून आला, हे मी विचारत राहिले. तो वाद तसाच राहिला.

मग निखिलला ग्रेनाडातल्या मेडिकल कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. कॅरिबियन म्हटल्यावर आमच्या ह्यांना क्रिकेट सोडून काही आठवेना. नकाशात ते बेट शोधायला भिंग घ्यावं लागलं. पाठोपाठ मेधाला दिवस राहिले, आणि प्रश्न उभा राहिला बाळंतपणाचा. पहिलं बाळंतपण माहेरचं. मेधा येऊ शकत नव्हती, तर माहेरानं तिकडे जायचं, इतकं साधं ते होतं. मी डिंक, खारीक, आळीव, सुंठ, बाळंतशोपा असा सगळा संसार बांधायला काढला, आणि तुझा फोन आला, "विहीणबाई, मीही येते. नातवंड आमचंही आहे."

त्या दिवशी मी ह्यांचं डोकं खाल्लं. मुलाच्या आईनं बाळंतपणाला येऊन बसायचं, हे कुठे ऐकलंय का? तिचा मान सांभाळू की मुलीला शेक देऊ? हे म्हणाले, "दोघी लढा. विमानात बाकीच्यांची करमणूक होईल." स्वतः मात्र विमानाच्या नावानं पोट बिघडतं म्हणून घरी राहिले ते राहिलेच.

लंडनला विमान बदलताना आपण शेजारी शेजारी बसून आपापल्या पिशव्या आपापल्या पायाशी धरून होतो. तू तुझी दशमी-चटणी काढलीस, मी माझा चित्रान्नाचा डबा काढला, आणि दोघींनी एकमेकींना अगदी रीतीनं "घ्या ना" म्हटलं आणि दोघींनी रीतीनं "नको" म्हटलं. मला भूक लागली होती नलू. दशम्यांचा वास अजून लक्षात आहे.

आणि मग ते विमानतळावरचं. सामान तपासणारी ती थोराड बाई, डोक्यावर घट्ट वेण्या. तिनं माझी पिशवी उघडली, पुड्या एकेक करून हुंगल्या, आणि एक पुडी सोडून जायफळं तळहातावर घेतली. माझ्याकडे पाहिलं. मग तुझी पिशवी उघडली, तर त्यातही जायफळं. बाळाच्या घुटीला लागतात म्हणून तू पुण्याहून निवडून आणलेली, मी चिकपेटेच्या बाजारातून निवडून आणलेली. दोघींनी एकमेकींना सांगितलेलं नव्हतं, कारण दुसरी विसरणार याची दोघींनाही खात्री होती. त्या बाईनं शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. तोही आला. दोघांनी जायफळं पाहिली, आपल्याला पाहिलं, आणि जे हसायला लागले ते थांबेनात. "हे तुम्ही इंडियातून आणलंत? इथे?" त्यानं भिंतीवरच्या झेंड्याकडे बोट केलं. त्या देशाच्या झेंड्यावर जायफळ आहे, हे आपल्याला कोण सांगणार? मी ओशाळून पुड्या गोळा करायला लागले. तू मात्र पदर सावरलास आणि शाळेतल्या बाईंच्या इंग्रजीत म्हणालीस, "आमचं जास्त चांगलं असतं."

त्यांनी जायफळं ठेवून घेतली, बाकीचं सोडलं. निखिल आपल्याला मर्लबाईंच्या घरी घेऊन गेला, त्यांच्या आवारातली दोन खोल्यांची बाजू त्यानं भाड्यानं घेतली होती. फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर काहीतरी तपकिरी पसरलेलं, पायाखाली कुडुम कुडुम वाजणारं. तू वाकून उचललंस. जायफळाची कवचं. आपल्याकडे खडी टाकतात तशी त्यांनी वाटेवर जायफळाची टरफलं टाकली होती. तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे, आणि आपण दोघी त्या वाटेवर उभ्याउभ्या इतक्या हसलो की मेधा पोट धरून बाहेर आली आणि घाबरली. तोपर्यंत आपण एकमेकींसमोर कधी दात दाखवून हसलो नव्हतो.

ईशा झाली आणि घुटीवरून रण पेटलं. आईबाप दोघंही डॉक्टर, दोघांनीही घुटीला साफ मनाई केलेली. आपला वाद होता जायफळाचा एक वेढा की दोन. डॉक्टर एका बाजूला, आज्या दुसऱ्या बाजूला, आणि आज्यांच्या बाजूतही फूट. शेवटी दिली की नाही, ते इथे लिहीत नाही. निखिल कधीतरी वाचेल.

तुला आठवतो का तो संध्याकाळचा व्हरांडा? मर्लबाईंनी विचारलं होतं, तुम्ही एकमेकींना काय म्हणता. आपण सांगितलं, विहीणबाई. त्यांनी जीभ दोन-तीनदा वळवून पाहिली आणि सोडून दिलं. "ते नातं झालं. नावं सांगा," म्हणाल्या. आणि त्या क्षणापासून तू मिस नलिनी आणि मी मिस वासंती. त्या आत गेल्यावर तू थोडा वेळ समुद्राकडे पाहत बसलीस. मग म्हणालीस, "खरंच, इथे विहीणबाई कशाला? कोण बघतंय? मी तुला वासंती म्हणते."

"मग मी नलू म्हणणार."

"नलू मला फक्त माझी आई म्हणायची."

"सरी, बरं तर. आता मी."

तू हसलीस, आणि लगेच बोट उभारून म्हणालीस, "परत गेल्यावर मात्र नाही हं. तिथे चारचौघात बरं दिसत नाही." असा आपला करार.

मग तिथे आपण काय काय केलं. बाजारात मोठमोठ्या पानांच्या जुड्या दिसल्या, तू त्यांवर हात फिरवून म्हणालीस, "वासंती, हे तर अळू." ती पानं कॅलालू म्हणून विकत होते, पण अळू ते अळू. तू चणाडाळ, दाणे घालून फदफदं केलंस. मी सकाळपासून सांगत होते, नारळाचं दूध घाल. तू ऐकलं नाहीस. मर्लबाईंनी वाटीभर खाल्लं, छान म्हटलं, आणि म्हणाल्या, यात नारळाचं दूध हवं होतं. मी तुझ्याकडे फक्त पाहिलं. ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं तुला.

आणि बसमधलं गुड मॉर्निंग. तिथल्या छोट्या बसमध्ये चढताना प्रत्येक माणूस सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणतो, आणि नाही म्हटलं तर लोक बघत राहतात. पुण्याच्या आयुष्यात शेजारणीशीही आधी न बोललेली तू, पहिले काही दिवस तोंडातल्या तोंडात पुटपुटायचीस. निघायच्या सुमारास मात्र खणखणीत म्हणायला लागलीस, आणि उत्तर नाही आलं तर वळून बघायला लागलीस. पुढे मुलं बेंगळूरला परत आली, महादेवपुऱ्यात फ्लॅट घेतला, तू पुण्याचं घर बंद करून त्यांच्याकडे राहायला आलीस, तेव्हा ते गुड मॉर्निंग तिथल्या लिफ्टमध्ये आणलंस. कानात बोंडं घातलेली ती आयटीतली पोरं दचकून फोन हातातून पाडायची. तुझ्या तेराव्याला त्यातली एक मुलगी आली होती. "लिफ्टवाल्या आँटी," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मला तिचा हेवा वाटला. का, ते पुढे सांगते.

बेंगळुरात आपण पुन्हा विहिणी झालो. महादेवपुरा ते येलहंका म्हणजे जायला अर्धा दिवस, यायला अर्धा, त्यामुळे भेटी सणावारीच. दारात "या विहीणबाई". साडी, वाण, पहिला मान तुझा. तू खुर्चीवर, मी स्वयंपाकघरात. फोन केला तर काहीतरी निमित्त लागायचं, ईशाचा ताप, लोणच्याचं प्रमाण. नुसतं बोलायला म्हणून आपण एकमेकींना इथे कधीच फोन केला नाही. कधीकधी तुला वाढताना मी मुद्दाम तूप जास्त घालायचे, आणि तू सगळ्यांसमोर "पुरे हो, पुरे" म्हणत माझ्याकडे बघायचीस, तेव्हा त्या बघण्यात बेट असायचं. मला तेवढं पुरायचं नाही, पण मी कधी म्हटलं नाही.

मग ईशा पोहायला शिकली आणि आपण सुट्टीला परत गेलो. तुझाच हट्ट. जग एवढं पडलंय, तर त्याच बेटावर कशाला, असं मेधानं विचारलं होतं. तू म्हणालीस, "पोरीचं जन्मस्थान आहे." मी मान डोलावली. दोघीही खोटं बोलत होतो.

मर्लबाई थकल्या होत्या, त्यांचा गुडघा माझ्यापेक्षा वाईट, पण वाटेवर जायफळाची टरफलं नवी टाकलेली. आपल्याला तीच खोली दिली, दोन पलंगांची. पिशव्या ठेवल्या, दार लावलं, आणि तू म्हणालीस, "चल वासंती, आता स्वल्प बसूया." माझ्या कानावर विश्वास बसेना. मी म्हटलं, "काय म्हणालीस?" तू म्हणालीस, "काही नाही."

त्या सुट्टीत तू समुद्रात उतरलीस. लांबलचक पांढरा किनारा, पाणी तळं वाटावं इतकं शांत. मी झाडाखाली खुर्चीवर, सँडल घालून. तू सलवार-कमीज घालून आत जात राहिलीस, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, आणि मर्लबाईंनी काठावरून ओरडून सांगितलं तसं मागे पडून पाण्यावर आडवी झालीस. मानेखाली ईशाचे हात. मग ईशानं हात काढून घेतले, तरी तू बुडाली नाहीस. कमीज फुग्यासारखी फुगलेली, पांढरे केस पाण्यावर पसरलेले, डोळे मिटलेले. मी इकडे प्राण मुठीत धरून. बाहेर आल्यावर ओल्या कपड्यांनी माझ्या शेजारी बसलीस, खुर्ची भिजवलीस. मग म्हणालीस, "वासंती, लग्न झाल्यापासून मी जिथे जिथे गेले तिथे माझ्या हातात एक पिशवी होती. आज दोन्ही हात मोकळे होते."

त्यानंतर तुला तहान लागली म्हणून त्या टपरीवरून फळांचा लाल रस आणला, वर जायफळ किसलेलं. त्यात रम आहे हे आपल्याला दुसऱ्या ग्लासानंतर कळलं, असं आपण मुलांना सांगितलं. पहिल्या घोटातच कळलं होतं. आपण दोघींनी कळलं नाहीसं दाखवलं, आणि मग दुसरा मागवला. हेही निखिल वाचेल, पण वाचू दे. आईचं सगळंच त्याला ठाऊक असायला हवं असं नाही, थोडं असावं.

आणि आता शेवटचं भांडण. फोनवर. तू डिसेंबरचं सांगितलंस, मी गुडघे पुढे केले. म्हटलं, एवढं लांब कशाला, जवळच्या डोंगरात, कोडगूला जाऊ. तू म्हणालीस, "कोडगूला समुद्र आहे का?" मी म्हटलं, समुद्रच हवा तर उडुपी आहे. तेव्हा तू म्हणालीस, "समुद्र काय, सगळीकडे असतो हो विहीणबाई. प्रश्न समुद्राचा नाहीये." मी विचारलं, मग कशाचा आहे? तिकडून भांडं सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणालीस, "दूध उतू चाललंय. नंतर बोलू." प्रश्न कशाचा होता ते मला कळलं होतं गं. पण एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, इथे, बेंगळुरात. त्याच आठवड्यात सकाळी चहाचा कप हातात घेतलास आणि खुर्चीवरच गेलीस. मेधा डॉक्टर, निखिल डॉक्टर, दोघं घरात, आणि कोणालाही काही करता आलं नाही.

तुझ्या मुलाला, माझ्या मुलीला, नातीला सुतक लागलं. मला नाही. मुलीची आई, मला कसलं सुतक? गुरुजींनी नीट समजावून सांगितलं, "तुम्हाला काही नाही. घरी जाऊन आंघोळ केलीत की झालं. देवपूजा करा, देवळात जा." दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढे दिवा लावला आणि माझा हात थांबला. मला वाटलं, मी काहीतरी चोरटेपणा करतेय. रोज डबा घेऊन महादेवपुऱ्याला जात होते. तिथे लोक यायचे, निखिलच्या खांद्यावर हात ठेवायचे, मेधाला जवळ घ्यायचे, ईशाच्या डोक्यावरून हात फिरवायचे, आणि मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "तुम्ही आहात म्हणून बरं. मुलीला धीर द्या. जावयाकडे लक्ष ठेवा." मला कॉफी द्यायचे. पाहुणी होते मी. सरी, सरी म्हणत मी मान हलवायचे आणि कॉफी प्यायचे.

निखिल अस्थी घेऊन श्रीरंगपट्टणला गेला, तेव्हा मी गाडीत नव्हते. जागा नव्हती असं नाही. माझं तिथे काम नव्हतं.

आणि तेराव्यानंतर दुखवटा. तो व्याह्यांनीच करायचा, ही तर तुझीच रीत, माझीही. त्यांना नवे कपडे द्यायचे, गोडाचं जेवण घालायचं, म्हणजे दुःख संपलं, आता घर पुन्हा चालू. मी निखिलला शर्ट आणला, मेधाला साडी, ईशाला फ्रॉक. होळिगे केल्या, ज्यांना तू हट्टानं पुरणपोळ्याच म्हणायचीस. एकेकाच्या ताटात वाढल्या. आता पुरे, आता हसा, असं सगळ्यांना सांगायचं मानाचं काम माझ्याकडे आलं. त्यांचं दुःख मी संपवलं नलू, रीतीप्रमाणे, तूप घालून. माझं सुरू कधी झालं होतं, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. आमच्या ह्यांच्यासुद्धा. ते एवढंच म्हणाले, "तू फार धीराची आहेस." मी चिडून भांडी घासत राहिले.

म्हणून त्या लिफ्टमधल्या मुलीचा मला हेवा वाटला. ती तुझी कोणीच नव्हती, म्हणून तिला रडता आलं.

आता सांग, डिसेंबरचं काय करू? तू नसताना तिथे गेले तर त्या खोलीतला दुसरा पलंग मला बघवेल का? आणि नाही गेले, तर तू मला कुठे भेटणार? इथे तर तू विहीण होतीस, भिंतीवरच्या फोटोतही विहीणच आहेस, जरीकाठी साडीतली. नलू इथे कोणी पाहिलेलीच नाही.

इथवर शुक्रवारी लिहिलं होतं. पुढचं आज, रविवारी संध्याकाळी लिहितेय.

काल संध्याकाळी सहाच्या सुमारास मेधाचा फोन आला. म्हणाली, "अम्मा, मर्लचा परत मेसेज आलाय. तुमची खोली रंगवून घेतायत, आईंना कुठला रंग हवाय ते विचारतायत. त्यांना अजून कोणी सांगितलंच नाही. निखिल फोन हातात घेतो आणि ठेवून देतो. मलाही बोलवत नाहीये. तू सांगशील?"

हे म्हणजे पुन्हा माझ्यावरच. पण यावेळी मी कुरकुर केली नाही. मनात ठरवून टाकलं, त्यांना बातमी द्यायची आणि त्याच फोनवर येत नाही म्हणून सांगायचं, म्हणजे निकाल लागला. तिकडे सकाळ होती. मर्लबाईंनी फोन उचलला, मागे रेडिओ लागलेला, कोंबड्या ओरडत होत्या. मी त्यांना इंग्रजीतच सांगितलं. मोडकंतोडकं. मिस नलिनी गेली. रेडिओ बंद झाल्याचा आवाज आला. देवाचं नाव घेतलं त्यांनी, एकदाच. मग म्हणाल्या, "आणि तू, वासंती? तू कशी आहेस?"

मी म्हटलं, निखिल आता जरा सावरलाय. मेधा कामावर जायला लागली. ईशा अजून जास्त बोलत नाही, पण जेवते.

"ते मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "तुझं विचारलं."

मी फोन धरून उभी राहिले. आणि मग जे रडू आलं ते मला आवरेना. हे बाहेरच्या खोलीतून आले, दारात थबकले, परत जाऊन टीव्ही बंद करून आले आणि माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले. तिकडून मर्लबाईंनी फोन ठेवला नाही. माझं होईपर्यंत थांबल्या. माझ्याकडून 'येत नाही' हे बोललंच गेलं नाही.

आज दुपारी सगळे आले. जेवायला बसलो. कोणी विषय काढेना, ताटाकडे बघून जेवत होते. मीच म्हटलं, "आपण जायचं."

मेधानं मान वर केली. निखिल म्हणाला, "अम्मा, आई नसताना तिथे सुट्टी म्हणून जायचं, मजा करायची, हे मला..."

"मजा करायला कोण म्हणतंय?" मी म्हटलं. "निखिल, तुझी आई गेली. पण माझीही मैत्रीण गेली. तिच्यासाठी रडायला मला इथे जागा नाही. तिथे आहे."

त्यानं घास खाली ठेवला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, आपण घरातलं कोणीतरी कुठेतरी विसरून आलोय हे ऐन वेळी लक्षात आलेल्या माणसासारखा. मग म्हणाला, "अम्मा, तुम्हाला कोणी विचारलंच नाही."

"नाही विचारलं," मी म्हटलं.

आणि मग नलू, तुझा मुलगा आणि मी, तू गेल्यापासून पहिल्यांदा एकत्र रडलो, समोरासमोर बसून, ताटं वाढलेली तशीच ठेवून. दोघांचेही हात खरकटे होते, डोळे पुसता येत नव्हते, म्हणून कोणी पुसलेही नाहीत.